उरलेल्या सोळांचे गाणे

महाविद्यालयीन वर्षाचा शेवट कसा होतो असे कोणी विचारले, तर आम्हा शिक्षकांचे उत्तर ठरलेले असते. अभ्यासक्रम कसाबसा पुरा होतो, हजेरीपटांच्या बेरजा होतात, अंतर्गत गुणांच्या याद्या संगणकात भरल्या जातात, परीक्षेची प्रवेशपत्रे वाटली जातात आणि एके दिवशी वर्ग ओस पडतात. निरोप असा कोणी कोणाचा घेत नाही. तीन वर्षे एका बाकावर बसलेली मुले शेवटच्या उत्तरपत्रिकेला पुरवणी बांधून जी पांगतात, ती पुन्हा भेटलीच तर गुणपत्रिकेच्या रांगेत भेटतात. या कोरड्या शेवटाला यंदा आमच्या महाविद्यालयात एक लहानसा अपवाद घडला. मार्चमधील एका शनिवारी दुपारी चौदा क्रमांकाच्या वर्गात बावीस विद्यार्थ्यांनी पाऊण तास समूहगान केले. श्रोते साठेक असतील. वृत्तपत्रात बातमी यावी असे त्यात काही नव्हते, आणि ती आलीही नाही. तरीही त्या पाऊण तासाने माझ्यासारख्या अर्थशास्त्राच्या अध्यापकापुढे जे प्रश्न उभे केले ते एका महाविद्यालयापुरते नाहीत, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

प्रथम हकीकत सांगतो. सांस्कृतिक मंडळाचे काम गेली चार वर्षे माझ्याकडे आहे. मला गाता येत नाही. सेवाज्येष्ठतेच्या यादीत माझे नाव त्या जागी आले, एवढीच माझी पात्रता. जुलैमध्ये युवक महोत्सवासाठी समूहगानाची निवडचाचणी ठेवली, तेव्हा बावीस मुले-मुली आली. महोत्सवाचा नियम असा की, भारतीय समूहगानात गाणारे सहा, साथीला तीन आणि वेळ दहा मिनिटे. सहा जणांची नावे फळ्यावर लिहिली आणि उरलेल्या सोळांना पुढील वर्षी पुन्हा यावयास सांगितले. असे सांगितले की दुसऱ्या दिवसापासून मुले दिसेनाशी होतात, हा नेहमीचा अनुभव. यंदा ती दिसेनाशी झाली नाहीत. सहा जणांचा सराव चाले आणि ही सोळा मुले मागच्या बाकांवर बसून ऐकत; पुढे पुढे गुणगुणू लागली. महोत्सव झाला, आमचा संघ पहिल्याच फेरीत बाद झाला. त्यानंतरच्या आठवड्यात वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षातील एक मुलगी मला येऊन म्हणाली, “सर, गाणे तर आम्हा सगळ्यांना येऊ लागले आहे. पण आम्ही ते गायचे कोठे?”

या प्रश्नाला महाविद्यालयाच्या नियमावलीत उत्तर नव्हते. स्नेहसंमेलन होते, पण त्याच्या कार्यक्रमपत्रिकेत बावीस जणांना चार मिनिटे मिळत होती, आणि तीही दोन नृत्यांच्या मध्ये, नाचणाऱ्यांना कपडे बदलण्यास अवधी मिळावा म्हणून. मुलांनी ती नाकारली. मग वर्षाच्या शेवटी स्वतंत्र कार्यक्रम करावा असे ठरले. कार्यालयात विचारणा केली असता अशा कार्यक्रमाला लेखाशीर्ष नाही, असे कळले. हे सांगताना आमच्या मुख्य लिपिकांना मनापासून खेद झाला, कारण ते स्वतः भजनी मंडळात टाळ धरतात. अखेर तबलजीच्या मानधनाचे पंधराशे आणि चहाचे चारशे रुपये आम्ही काही शिक्षकांनी वर्गणीतून उभे केले. पेटी विज्ञान शाखेच्या तिसऱ्या वर्षातील एक मुलगा वाजवीत असे. तो फुकट होता.

येथे मराठी भाषेतील एक गंमत सांगण्यासारखी आहे. ‘ऑर्केस्ट्रा’ या शब्दाचा अर्थ इतर भाषांत अनेकांनी मिळून वाजविण्याचा वाद्यवृंद असा आहे. आपल्याकडे त्याचा अर्थ, पैसे देऊन बोलावलेली आणि चित्रपटगीते सादर करणारी मंडळी, असा झाला आहे. ‘यंदा ऑर्केस्ट्रा आणायचा का?’ असे विद्यार्थी प्रतिनिधी विचारतात, तेव्हा ऑर्केस्ट्रा ही आणावयाची वस्तू असते, घडवावयाची नव्हे. शुल्काच्या पावतीवर ‘स्नेहसंमेलन’ अशी जी ओळ असते, तिच्यातून गोळा होणारा पैसा बहुतांशी अशा आणावयाच्या वस्तूंवर खर्च होतो: ध्वनियंत्रणा, दिवे, मंडप, आणि अलीकडे नुसत्या ध्वनिमुद्रित गाण्यांचा दणदणाट. विद्यार्थी या सर्वांचा ग्राहक असतो.

युवक महोत्सवाविषयी अनुदार बोलण्याची माझी इच्छा नाही. १९५४ साली दिल्लीच्या तालकटोरा उद्यानात आंतरविद्यापीठ युवक महोत्सव भरला, त्यामागे मोठी दृष्टी होती, आणि पुढे भारतीय विश्वविद्यालय संघाने विभागीय व राष्ट्रीय महोत्सवांची जी साखळी उभी केली, तिच्यामुळे आडगावच्या मुलांना प्रथमच मोठा रंगमंच दिसला. लोकवाद्यवृंदाच्या स्पर्धेमुळे संबळ, दिमडी, तुणतुणे ही वाद्ये महाविद्यालयाच्या दारातून आत आली, हेही खरे. परंतु स्पर्धा आणि मैफल या दोन गोष्टी मुळातच भिन्न आहेत. स्पर्धेत श्रोते म्हणजे परीक्षक आणि प्रतिस्पर्धी संघ. गाणे निवडले जाते ते परीक्षकांच्या आवडीचा अदमास घेऊन. एकच गाणे चार महिने घोटले जाते आणि निकाल लागल्यावर ते पुन्हा कोणी गात नाही. शिवाय स्पर्धेला संख्येची मर्यादा घालावीच लागते. साठ महाविद्यालयांनी बावीस-बावीस मुले आणली तर त्यांना उतरवावे कोठे, हा प्रश्न आयोजकांपुढे असणारच. पण जो नियम महोत्सवाच्या सोयीसाठी केला, तोच महाविद्यालयात वर्षभराच्या गाण्याची कमाल मर्यादा होऊन बसला.

असे का झाले याचे एक कारण आपल्या विद्यापीठांच्या जन्मात आहे. १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे निघाली ती त्या वेळच्या लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर, म्हणजे परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी संस्था म्हणून. शिक्षक-विद्यार्थ्यांनी एकत्र राहण्याची कल्पना त्या नमुन्यात नव्हती. ती ज्या केंब्रिजमध्ये होती, तेथे वर्षाच्या शेवटाला निराळेच रूप आले. तेथील ‘मे वीक’ हा आठवडा नावाने मे महिन्याचा असला, तरी येतो जूनमध्ये. परीक्षा आटोपलेल्या असतात, पदवीदान व्हावयाचे असते, आणि मधल्या त्या मोकळ्या दिवसांत महाविद्यालयांचे गायनवृंद व वाद्यवृंद आपापल्या मैफली करतात. ट्रिनिटी महाविद्यालयाचा गायनवृंद तर कॅम नदीत एकमेकींना बांधलेल्या होड्यांवर उभा राहून सायंकाळी गातो आणि काठावरच्या हिरवळीवर बसून गाव ते ऐकते. याच केंब्रिजमधील विद्यापीठ संगीत मंडळ १८४३ साली विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने सुरू झाले. आणि ब्राम्सची पहिली सिम्फनी ब्रिटनमध्ये सर्वप्रथम वाजली ती लंडनच्या एखाद्या मातब्बर सभागृहात नव्हे, तर ८ मार्च १८७७ रोजी, या मंडळाच्या मैफलीत, योआखिम यांच्या नेतृत्वाखाली. रँग्लर परांजप्यांपासून जयंत नारळीकरांपर्यंत केंब्रिजहून आपण पुष्कळ गणित आणले. होडीवरचे गाणे मात्र तिकडेच राहिले.

आता माझ्या विषयाकडे वळतो. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली रंगमंचीय कलांच्या आर्थिक पेचावर एक ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. कारखान्यात यंत्रे सुधारतात, एका कामगाराचे तासाचे उत्पादन वाढते, आणि त्याबरोबर वेतनही वाढते. पण पाच जणांनी अर्धा तास वाजवावयाच्या रचनेला शंभर वर्षांपूर्वी अडीच मनुष्यतास लागत होते आणि आजही अडीचच लागतात. वेगाने वाजविली तर ती रचना राहत नाही. चौघांनी वाजविली तरीही राहत नाही. इतरत्र श्रम स्वस्तात अधिक फळ देऊ लागले की संगीत, नाटक, शिक्षण, शुश्रूषा या गोष्टी तुलनेने महाग होत जातात. हाच तो ‘बॉमोलचा खर्चरोग’.

हा रोग मी चौदा क्रमांकाच्या वर्गात प्रत्यक्ष पाहिला. नोव्हेंबरअखेरपासून चौदा आठवडे, आठवड्यातून दोन संध्याकाळी, प्रत्येकी सव्वा तास सराव झाला. म्हणजे एकेकाचे पस्तीस तास आणि बावीस जणांचे सातशे सत्तर. पाऊण तासाच्या कार्यक्रमासाठी सातशे सत्तर मनुष्यतास! कोणत्याही लेखापरीक्षकाच्या भुवया उंचावतील असे हे गणित आहे. पूर्वी ज्या निकालपत्रकांसाठी कार्यालयातील मंडळी आठवडेच्या आठवडे रात्री जागवीत, ती आता संगणकामुळे फार थोड्या वेळात होतात. पण मुलांची पट्टी काळी एक आणि मुलींची काळी चार. दोघांना सोसेल अशी पट्टी व तिला साजेशी चीज शोधण्यात आमचा पहिला आठवडा गेला. तो आठवडा कोणत्याही यंत्राने दोन दिवसांवर आणता आला नसता. तराण्याच्या तिसऱ्या ओळीत समेवर बावीस जण एकत्र येईपर्यंत डिसेंबर संपला. तेव्हा संस्थाचालक काटकसर करावयास निघाले की प्रथम सरावाचा तास कापतात, यात दुष्टावा नाही. किमतींचे गणितच त्यांना तिकडे ढकलीत असते. मात्र बॉमोल यांनी पुढे २०१२च्या आपल्या ग्रंथात जे आग्रहाने सांगितले ते आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते. ज्या उत्पादकतेमुळे संगीत तुलनेने महाग होते, तीच उत्पादकता समाजाला एकंदरीने श्रीमंतही करीत असते; म्हणून ही महाग गोष्ट आपल्याला परवडत नाही, हे म्हणणे टिकत नाही. ध्वनियंत्रणेचे भाडे ज्यांना परवडते, त्यांना तबलजीचे पंधराशे रुपये परवडत नाहीत, हे तर मुळीच टिकत नाही.

अर्थशास्त्राचा आणखी एक सिद्धान्त मात्र आमच्या वर्गात अडखळला. मॅन्सर ओल्सन यांनी १९६५ साली असे मांडले की, समूह जितका मोठा, तितका त्यातील एकेकाला अंग चोरण्याचा मोह अधिक. लाभ तर सर्वांनाच मिळणार, मग श्रम आपण का करावेत? समूहगान हे याचे पाठ्यपुस्तकी उदाहरण ठरावयास हवे होते. बावीसांत एखाद्याने नुसते ओठ हलविले तर श्रोत्यांना काय कळणार? सुरुवातीला दोघे-तिघे तसे करीतही होते. परंतु शेजारी उभ्या असलेल्याला ते ताबडतोब कळते, कारण त्याच्या कानाजवळचा आधार नाहीसा होतो. जानेवारीत मी पाहिले की, कोणी कोणाला न बोलता, ही मुले गाणाऱ्यांच्या मधोमध उभी केली गेली होती, कडेला नव्हे. महिनाभरात तीही गाऊ लागली. बेसूर होणारा सर्वांना ऐकू येतो आणि गप्प राहणारा फक्त शेजाऱ्याला, या दोन गोष्टींमधून या मुलांनी जी शिस्त स्वतःच निर्माण केली, ती माझ्या हजेरीपटाने तीन वर्षांत साधलेली नाही.

‘हल्लीच्या मुलांना कष्ट नकोत’ हे वाक्य आमच्या शिक्षकदालनात दररोज एकदा तरी उच्चारले जाते. ज्यांना हे खरे वाटते त्यांनी श्रावणात पुण्याच्या मुठेकाठी नदीपात्रात जावे. ढोल-ताशा पथकांतील शेकडो मुलेमुली कामावरून व महाविद्यालयातून थेट तेथे येतात, कमरेला ढोल बांधतात आणि आठवडेच्या आठवडे सराव करतात. त्यांना मानधन नाही, गुण नाहीत. ढोलाच्या आवाजाविषयी पुणेकरांची तक्रार असेल, माझीही थोडी आहे. पण तो येथे मुद्दा नाही. मुद्दा असा की, या मुलांपुढे एक ठरलेला दिवस असतो, ठरलेली जागा असते आणि ऐकणारे गाव असते. या तीन गोष्टी असल्या की तरुण माणसे विनामूल्य श्रम करावयास तयार होतात. महाविद्यालयातील गायनवृंदापाशी यांतले एकही नसते.

यावर एक आक्षेप जाणकार घेतात. आपले रागसंगीत एकट्याचे आहे. एकाने आलाप करावा, दुसऱ्याने साथ करावी. समूहगान ही बाहेरून आलेली कवाईत आहे, असे ते म्हणतात. रागविस्ताराविषयी ते बरोबर असतील. परंतु महाराष्ट्रात शाहिराच्या मागे झीलकरी उभे असतात, दिंडीत टाळकऱ्यांच्या रांगा चालतात. आपले गाणे एवढे एकलकोंडे केव्हा होते? खुद्द अल्लाउद्दीन खाँसाहेबांसारख्या तपस्वी कलावंताने १९१८च्या सुमारास, साथीच्या रोगाने पोरक्या झालेल्या मुलांना जमवून मैहर येथे वाद्यवृंद उभा केला आणि बंदुकीच्या नळ्यांपासून त्यांच्यासाठी नळतरंग नावाचे वाद्य घडविले.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे आणि अधिक चुटपुट लावणारे आहे. अँथनी गोन्साल्विस हे नाव १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील पात्रामुळे घराघरांत पोहोचले. परंतु ते नाव ज्यांचे, ते गोव्यातील माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक होते आणि संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजविणाऱ्या या माणसाने हिंदुस्थानी रागांवर मोठ्या वाद्यवृंदासाठी रचना केल्या आणि १९५८ साली त्या लोकांपुढे आणल्या, त्या मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात. गायला लता मंगेशकर व मन्ना डे होते. वादक विद्यार्थी नव्हते, चित्रपटक्षेत्रातील व्यावसायिक होते. तरी जागा महाविद्यालयाची होती, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. तो प्रयोग पुढे रुजला नाही. गोन्साल्विस काही वर्षांनी अमेरिकेस गेले, परतल्यावर माजोर्ड्यास शांतपणे राहिले आणि २०१२ साली वारले. गोवा विद्यापीठाने त्यांच्या नावाने पाश्चात्त्य संगीताचे अध्यासन ठेवले आणि त्याच्या आश्रयाने विद्यापीठाचा गायनवृंद उभा राहिला. नमुना म्हणून पाहावयास आपल्याला फार लांब जाण्याचे कारण नाही, हे सांगण्यासाठी हा उल्लेख.

अडचण वेळापत्रकाची आहे, हे मान्य केले पाहिजे. सत्रपद्धती आल्यापासून वर्षाला एक शेवट उरलेला नाही, दोन झाले आहेत, आणि दोन्हींच्या अगोदर अंतर्गत चाचण्यांची गर्दी असते. परीक्षेनंतर केंब्रिजप्रमाणे आठवडाभर थांबा असे आपल्या मुलांना सांगता येत नाही. खोलीचे भाडे चालू असते, गावी कामे असतात. म्हणून मैफल घ्यावयाची ती दुसऱ्या सत्रातील अध्यापनाच्या शेवटच्या शनिवारी, आणि ती तारीख जूनमध्येच शैक्षणिक दिनदर्शिकेत छापावयाची. नव्या शैक्षणिक धोरणानुसार सह-अभ्यासक्रमाला श्रेयांक मिळतात व त्यांत संगीतही बसते. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत गायनवृंदात गाणे हा असाच एका श्रेयांकाचा विषय असतो आणि सत्राअखेरची मैफल हीच त्याची परीक्षा. आपल्याकडे श्रेयांक आला की मागोमाग वस्तुनिष्ठ प्रश्नांची लेखी परीक्षा येते, अशी मला साधार भीती आहे. पारितोषिक तर मुळीच ठेवू नये. शुल्कातील स्नेहसंमेलनाच्या रकमेचा एक लहान भाग सरावाच्या नावाने वेगळा काढावा: साथीदाराचे मानधन, वाद्यांची दुरुस्ती, एक खोली आणि तिची किल्ली. यापलीकडे काही लागत नाही.

आणि हे दरवर्षी व्हावयास हवे, याला कारण आहे. यंत्राचा घसारा आपण दहा-पंधरा वर्षांवर पसरून धरतो. महाविद्यालयीन गायनवृंदाचा घसारा वर्षाला सुमारे एक तृतीयांश असतो, कारण तिसऱ्या वर्षाची मुले निघून जातात. एक वर्ष खंड पडला तर जे उरते ते अर्धवट. दोन वर्षे पडला तर काहीच उरत नाही, पुन्हा काळी एक आणि काळी चार यांपासून आरंभ. जाणारे आणि राहणारे एका रांगेत उभे राहून गातात असा वर्षात हा एकच दिवस असतो.

त्या शनिवारी श्रोत्यांत काही पालक होते, शिपाई होते, ग्रंथपालबाई होत्या. मुख्य लिपिक शेवटच्या बाकावर बसून मांडीवर ठेका धरीत होते. फळ्यावर सकाळच्या तासाचा मागणीचा वक्र पुसावयाचा राहून गेला होता, त्याच्यापुढे मुले उभी राहिली. दुर्गा रागातील तराणा दुसऱ्या आवर्तनात किंचित घसरला आणि सावरला. स्पर्धेत तेथे गुण गेले असते. पूर्वी वगळलेली ती सोळा मुले कोणती हे मला ठाऊक होते, तरी डोळे मिटल्यावर ओळखता आली नाहीत.

बावीसांपैकी आठ जण यंदा पदवीधर होऊन बाहेर पडत आहेत. पेटी वाजविणारा मुलगाही निघाला. जाताना त्याने सगळ्या चिजांची स्वरलिपी लिहिलेली वही माझ्याकडे दिली. ती मला वाचता येत नाही, म्हणून कपाटात ठेवली आहे. जुलैमध्ये पेटीसाठी कोणीतरी शोधावा लागेल. पेटीचा भाताही फाटला आहे. दुरुस्तीचा अर्ज मी दिला असून, तो खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकावा, अशी विचारणा करणारी चिठ्ठी कार्यालयाकडून कालच आली.